पोचे

अवघड्यांचा बँड आमच्या आळीत यायचा मुका होऊन,
पोत्यात गुंडाळलेला, सायकलच्या कॅरियरवर,
चातुर्मासात, लग्नं नसताना.
बाप हातोडी खाली ठेवायचा. म्हणायचा,
उघड बघू, यंदा कोण कुठं पडलं.

तांबट बहिरे असतात म्हणतात. खोटं आहे.
घंगाळाचा ठोका वेगळा, बंबाचा वेगळा,
आणि पितळी नळीतून पोचा वर उचलताना
धातू एकदाच सुस्कारा टाकतो.
तिथं थांबायचं. पुढचा ठोका म्हणजे चीर.

केरबा अवघडे खडकीच्या छावणीत लीद उचलायचा.
गोरी पलटण निघाली तेव्हा भंगाराच्या लिलावात
सतरा रुपयांत दोन कॉर्नेट, एक युफोनियम.
वाजवता कुणालाच येत नव्हतं.
घरात हलगी होती, सनई होती,
फुंक कुठून उचलायची एवढं ठाऊक होतं.
चिमणाबाई म्हणाली, ह्यात पायलीभर बाजरी मावेल.
पहिल्या वर्षी मावली.

मग वराती.
कॉर्नेटच्या तोंडाला लागलेली नवऱ्याच्या घोड्याची लाथ,
सासवडच्या वळणावर उलटलेला टेम्पो,
कुणाच्या तरी मेव्हण्याला चढलेली, आणि त्यानं
‘मला वाजवू दे’ म्हणत सोडलेला ट्रॉम्बोन.
सगळं बापानं वहीत लिहिलंय, मजुरीसकट.
एका पोच्यापुढे मजुरी नाही.
तो पडून झालेला नव्हता. काठीचा होता.
मांडवातल्या पिंपाला कुणीतरी हात लावला होता.
बापानं काही विचारलं नाही, पैसेही लावले नाहीत.
पण केरबाचा कप आमच्याकडंही वेगळा होता,
कोनाड्यात, पालथा.
हे वहीत नाही. म्हणून इथं लिहितो,
नाहीतर हिशेब चुकेल.

एकसष्टला धरण फुटलं.
युफोनियम तीन दिवस गाळात होता.
पोटावर मुठीएवढा पोचा घेऊन निघाला.
त्या साली केरबाकडं भांडंसुद्धा उरलं नव्हतं,
पोचा कोण काढतो!
वाजतोय ना, म्हणाला, आणि तसाच घेऊन गेला.
चाळीस वर्षं तसाच वाजला.
केरबा गेला, माझा बाप गेला.

तुळशीराम अवघडे तो घेऊन आला तेव्हा
नळीच्या जोडाला डाग द्यायचं काम होतं फक्त.
मला हौस. म्हटलं, म्हाताऱ्याची आठवण,
पोचाही काढून देतो, फुकट.
रात्रभर बसलो. आरशासारखं पोट केलं.

आठव्या दिवशी परत दारात.
‘वाजतंय झकास,’ म्हणाला,
‘पण कुणाशी जुळंना.’
पोच्यानं आवाज जरासा उतरला होता,
आणि चाळीस वर्षांत सगळा बँड
न बोलता त्याच्यापर्यंत खाली आला होता.
नवी पोरंसुद्धा तिथूनच शिकली होती.
माझ्या हातानं तो एकटाच वर गेलेला.

‘परत घाला.’
‘काय?’
‘पोचा.’
त्यानं वाद्य कडेवर घेतलं, पोरासारखं,
डोळे मिटून अंगठा टेकवला: हितं. माझा अंगठा बसायचा.

आयुष्यभर मी ठोके मारले ते सरळ करायला
नाहीतर शोभेला.
हा एक वेगळा.
तीनदा हात उचलून खाली घेतला.
चौथ्यांदा मारला. त्यानं फुंकून बघितलं,
मान हलवली: अजून.
अजून.
बास.
पैसे काढले, मी मोजून घेतले.
फुकटच्या कामाचं काय होतं ते बघितलं होतं.
चहा आला. दोन कप, एकाच ट्रेमधले.
त्यानं माझ्याकडे पाहिलं की नाही,
मी पाहिलं नाही.

आता पोतं दोन-तीन वर्षांतून एकदा येतं.
परवा लक्ष्मी रस्त्यानं स्पीकरची भिंत चालली होती,
दुकानांच्या काचा थरथरत होत्या, छातीतलं हाडसुद्धा.
आणि जनरेटर बंद पडला.
अर्धा मिनिट असेल. लोक शिव्या घालत होते.
मागून, दोन मंडळं सोडून,
कुणीतरी वाजवत होतं, केव्हापासून कोण जाणे.
पाव सूर खाली.
शेजारच्याला म्हटलं, ऐक, ऐक, तो माझ्या हातचा.
तो म्हणाला, कोण?
तेवढ्यात जनरेटर लागला.